निर्णय कायम

लॅमेक सिंयांग्वे यांच्यावर कुणी कधी बोट ठेवलं नव्हतं. किटवे या खाणीच्या गावातल्या एका माध्यमिक शाळेत ते खेळ शिकवायचे आणि शनिवार-रविवार पंच म्हणून मैदानावर उतरायचे. खाणीच्या वस्त्यांमधल्या सामन्यांत पंचांवर दगड पडणं नवीन नाही. पण सिंयांग्वे मास्तर शिट्टी घेऊन उभे असले की लोक एकमेकांना सांगायचे, ‘आज भांडायचं काम नाही, मास्तर आहेत.’ चर्चमध्ये ते पुढच्या बाकावर बसत. बाजारात भाजीवाल्या त्यांना हाक मारून टोमॅटो देत. त्यांना ताठा होता, पण तो लोकांनीच त्यांना देऊन ठेवलेला होता.

त्या वर्षी कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पहिल्यांदाच व्हिडिओ पंच नेमायचं ठरलं. मैदानाबाहेर एका गाडीत, पडद्यांच्या रांगेसमोर बसून एक पंच सामना बघणार, मैदानावरच्या पंचाकडून उघड चूक झाली तर त्याच्या कानातल्या यंत्रात सांगणार, आणि गरज पडली तर त्याला मैदानाच्या कडेला ठेवलेल्या पडद्यापाशी बोलावून चित्र दाखवणार. मैदानावर सिंयांग्वे होते. गाडीत लुंगोवे मुबिता होती.

लुंगोवे त्यांचीच विद्यार्थिनी. शाळेत असताना ती मुलांच्या सामन्यात रेषेबाहेर उभी राहून ‘ऑफसाइड होता!’ असं ओरडायची आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं. मास्तरांनीच एक दिवस तिच्या हातात शिट्टी दिली. आता ती मुफुलिराच्या शाळेत शिकवत होती आणि व्हिडिओ पंचाचं प्रशिक्षण घेतलेल्या मोजक्या लोकांपैकी एक होती. आफ्रिका खंडाच्या पुढच्या मोठ्या स्पर्धेसाठी तिचं नाव जाणार असल्याचं सगळ्यांना माहीत होतं.

सामन्याआधी एन्डोलाच्या स्टेडियमच्या बोळात ती त्यांना भेटली. गुडघे वाकवून, हलकेच टाळ्या वाजवून, मोठ्यांना करतात तसा तिनं नमस्कार केला.

“सर, मला जरा धाकधूक वाटतेय. तुमच्या कानात मी बोलायचं म्हणजे...”

मास्तर हसले. “अगं, शाळेत काय कमी ओरडायचीस? बोल बिनधास्त. फक्त उगाच बोलावू नकोस. मी काही आंधळा नाही.”

तीही हसली.

सामना वुसाकिले हॅमर्स आणि राजधानी लुसाकाच्या कान्यामा सिटीचा. हॅमर्स म्हणजे वुसाकिले वस्तीतला, आपल्या खाणीतल्या माणसांचा संघ. त्यांचा कप्तान फॅक्सन चिंयामा बचावाला खेळायचा, वय झालेलं, गुडघ्याला पट्टा बांधलेला. हा त्याचा शेवटचा सामना होता आणि हॅमर्सनी कप जिंकून त्याला निरोप द्यायचा असं ठरवलं होतं. अर्ध्या स्टेडियममध्ये त्याच्या नावाचे फलक होते.

सुरुवातीलाच हॅमर्सनी गोल केला. मास्तरांनी मधल्या वर्तुळाकडे बोट केलं, लोक नाचायला लागले, आणि त्यांच्या कानात लुंगोवेचा आवाज आला, “सर, ऑफसाइड आहे. खांदा पुढे होता.” अशा बाबतीत पडदा बघायचीही गरज नसते. मास्तरांनी हात वर करून गोल रद्द केला. हॅमर्सचे लोक चिडले, पण ती चूक रेषेवरच्या पंचाची म्हणून मास्तरांनी मनावर घेतली नाही.

दुसऱ्या वेळी मात्र चूक त्यांचीच होती. हॅमर्सच्या गोलासमोर एका खेळाडूच्या हाताला चेंडू लागला असं त्यांना दिसलं आणि त्यांनी पेनल्टी दिली. कानात आवाज आला, “सर, पडद्यापाशी येता का?” ते गेले. चेंडू हाताला नाही, खांद्याला लागला होता. ते परत आले, पडद्याची खूण म्हणून बोटांनी हवेत चौकोन काढला आणि पेनल्टी रद्द केली. आता कान्यामाचे लोक चिडले आणि हॅमर्सचे हसायला लागले. निर्णय हॅमर्सच्या बाजूचा होता, तरी ते हसणं मास्तरांना टोचलं. आतापर्यंत त्यांनी शिव्या खूप ऐकल्या होत्या. हसू ऐकलं नव्हतं.

“मास्तर, चष्मा कुठे विसरलात?” कुणीतरी ओरडलं.

“अहो, पोरीला विचारा, पोरीला! ती सांगेल!”

कडेला उभ्या एका पोलिसानंही तोंड फिरवून हसू दाबलं. मास्तरांनी ते पाहिलं.

सामना संपत आला होता आणि दोन्ही बाजूंचा एकेक गोल झालेला होता. कान्यामाचा एक चपळ पोरगा चेंडू घेऊन एकटाच गोलाकडे सुटला. मागून फॅक्सन धावत होता, गुडघ्यानं लंगडत, हात पुढे करून. पेनल्टीच्या चौकटीत शिरताच तो पोरगा कोसळला. मास्तरांना फॅक्सनचा हात आणि पोराचा शर्ट एका रेषेत दिसला. त्यांनी शिट्टी मारली, पेनल्टी दिली आणि फॅक्सनसमोर लाल कार्ड धरलं.

फॅक्सन भांडला नाही. तो त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला, धापा टाकत म्हणाला, “मास्तर, मी त्याला हात लावला नाही. आईशप्पथ.”

“बाहेर हो.”

“एकदा बघून घ्या. यंत्र आहे ना? बघून घ्या आणि मग काढा मला.”

तेवढ्यात कानात आवाज आला. “सर, तुम्ही एकदा बघावं असं मला वाटतं.”

स्टेडियमला ते ऐकू जात नव्हतं. पण मास्तरांनी कानावर हात ठेवला हे सगळ्यांनी पाहिलं आणि एकच कल्ला झाला. हॅमर्सचे लोक, कान्यामाचे लोक, सगळे मिळून ओरडायला लागले, “जा! जा! पोरीनं बोलावलंय!”

मास्तर पडद्यापाशी चालत गेले. छोटा पडदा, वर ऊन लागू नये म्हणून काळं छप्पर. त्यांनी डोकं आत घातलं. चित्र सुरू झालं.

फॅक्सनचा हात उघडा होता. बोटं आणि शर्ट यांच्या मधून हिरवं गवत दिसत होतं. पोरगा धावता धावता स्वतःचीच टाच स्वतःच्या पोटरीवर आपटून पडला होता. यात शंकेला जागाच नव्हती. शाळेतल्या कुठल्याही मुलानं सांगितलं असतं.

“सर, गोलामागच्या कॅमेऱ्यातून दाखवते,” लुंगोवे म्हणाली.

“नको.”

“त्यातून अजून स्पष्ट...”

“पुरे म्हटलं ना.”

मास्तरांच्या पाठीमागे सगळं स्टेडियम हसत होतं. निदान त्यांना तसं वाटलं. पुन्हा वळायचं, पुन्हा हवेत तो चौकोन काढायचा, पुन्हा सगळ्यांसमोर सांगायचं की मी चुकलो, एका दुपारी तिसरा निर्णय फिरवून. त्यांचे कान तापले होते. त्यांनी यंत्राच्या बटणावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “मला हात लागलेला दिसतोय. निर्णय कायम.”

“सर?” एवढाच आवाज आला.

ते ताठ मानेनं परत आले आणि त्यांनी पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. हसणं थांबलं. एक क्षणभर त्यांना बरं वाटलं, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. फॅक्सननं दंडावरची कप्तानाची पट्टी काढली, गोलरक्षकाच्या हातात दिली आणि तो बोळात शिरला. कान्यामानं गोल केला आणि कप लुसाकाला गेला.

*

दुसऱ्या दिवसापासून वुसाकिलेत एकच बोलणं. मास्तर विकले गेले. टीव्हीवर ज्या कोनातून दाखवलं त्यात हात शर्टाला लागल्यासारखाही वाटायचा आणि न लागल्यासारखाही, म्हणून भांडणाला अंत नव्हता. न्हाव्याच्या दुकानात, मिनीबसमध्ये, बिअरच्या गुत्त्यावर.

“मास्तर तसा माणूस नाही रे.”

“तसा कोण असतो? पैसा दिसेपर्यंत कुणीच तसा नसतो.”

मास्तरांच्या घरावर कुणीतरी कोळशानं ‘लुसाकाचा जावई’ असं लिहिलं. त्यांची मुलगी मापालो शाळेतून रडत आली. मास्तर संतापले. ज्या गोष्टीचा आळ आला होता ती त्यांनी केली नव्हती, आणि त्या संतापात त्यांना मोठा आधार सापडला. ते छाती पुढे काढून सांगायचे, “एक कवडी घेतली असेल तर माझा हात झडो!” ते खरंच होतं. खरं बोलताना आवाज कसा खणखणीत निघतो! त्या आवाजाआड दुसरी गोष्ट झाकून जायची.

त्यांची बायको एस्नात हे सगळं ऐकायची आणि काही बोलायची नाही. ती भिंतीवरचा कोळसा पुसायची, मुलीची समजूत काढायची आणि कामाला लागायची.

फुटबॉल संघटनेनं चौकशी समिती नेमली. अध्यक्ष चितांबाला साहेब, जुने पंच, गोड बोलणारे. त्यांनी मास्तरांना चहा पाजला. लाच घेतल्याचा कसलाच पुरावा नव्हता, तो विषय लगेच संपला. मग त्यांनी संगणकावर ते चित्र लावलं. पण ते चित्र चालू ठेवत नव्हते. सारखं थांबवत होते. चालत्या चित्रात जे लख्ख दिसायचं ते थांबवल्यावर धूसर व्हायचं, बोट आणि शर्ट एकमेकांत विरघळून जायचे.

“इथे लागलंय असंही म्हणता येईल,” एक सभासद म्हणाला.

“हो ना. शेवटी मैदानावरच्या पंचाचा डोळा महत्त्वाचा,” चितांबाला साहेब म्हणाले. “मास्तर, आता फक्त एक सांगा. व्हिडिओ पंचानं फक्त उघड चूक असेल तरच बोलवायचं असतं. तुम्हाला बोलवावं इतकी उघड चूक तिथे होती का?”

लुंगोवे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. हात मांडीवर, नजर टेबलावर. तिची साक्ष आधीच झाली होती. तिनं शांतपणे सांगितलं होतं की मला संपर्क दिसला नाही, म्हणून मी सरांना बोलावलं.

मास्तरांना कळलं की आपण आधी जे बोललो ते टिकवायचं तर आता याचं उत्तर एकच आहे.

“नव्हती,” ते म्हणाले.

“म्हणजे मुबितांनी विनाकारण खेळ थांबवला?”

मास्तरांनी चहाच्या कपाकडे पाहिलं. “अनुभव कमी आहे. शिकेल.”

“हो की नाही, एवढंच हवंय आम्हाला.”

“हो.”

लुंगोवेनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. गणित चुकलेल्या मुलीनं फळ्याकडे बघावं तसं पाहिलं, आपलं कुठे चुकलं ते शोधत. मास्तरांनी नजर खिडकीकडे वळवली.

समितीनं मास्तरांना निर्दोष ठरवलं. निर्णय घेण्याचा अधिकार पंचाचाच, आणि तो त्यांनी निर्भीडपणे वापरला, असंही त्यात घातलं. लुंगोवे मुबिताचं नाव व्हिडिओ पंचांच्या यादीतून काढण्यात आलं. मोठ्या स्पर्धेसाठी दुसऱ्याच कुणाचं नाव गेलं.

*

निर्दोष ठरल्यावर लोक हळूहळू नमस्कार करायला लागले. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी त्यांचं नाव घेऊन, खोट्या आळापुढे न झुकणाऱ्या माणसाबद्दल प्रवचन केलं. मास्तर पुढच्या बाकावर बसले होते. सगळे वळून त्यांच्याकडे कौतुकानं बघत होते आणि त्यांना वाटत होतं की कुणीतरी आपल्या अंगावरचे कपडे एकेक करून उतरवतंय. पुढच्या रविवारी ते मागच्या बाकावर बसले. लोक म्हणाले, किती नम्र माणूस.

त्याच रविवारी, प्रार्थना संपल्यावर, ते मिनीबस पकडून मुफुलिराला गेले. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत जुळवून ठेवलं होतं.

लुंगोवे अंगणात कपडे वाळत घालत होती. त्यांना बघताच तिनं हात पुसले, पुढे आली आणि नेहमीसारखी गुडघ्यावर बसली, टाळ्या वाजवल्या.

“सर! कसं येणं केलंत?”

“ऊठ, पोरी. ऊठ. मातीत बसू नकोस.”

“असं कसं? या, आत या. जेवल्याशिवाय सोडणार नाही हं.”

तिनं हातावर पाणी घातलं. न्शिमाचा वाफाळता गोळा आणि तळलेली कापेंटा मासळी समोर ठेवली. मास्तर मक्याच्या त्या घट्ट पिठाचे घास वळत राहिले. घास तोंडात फिरत होता. ती शाळेतल्या गोष्टी सांगत होती, पावसानं गळणारा वर्ग, नवीन मुख्याध्यापकांचा रागीटपणा. सामन्याचं नाव नाही. मग भांडी उचलता उचलता तीच म्हणाली,

“सर, मी खूप विचार केला त्यावर. कदाचित मलाच नीट दिसलं नसेल.”

मास्तरांचा हात थांबला.

“तुम्ही इतक्या जवळ होतात. आणि तुम्ही बघूनही तेच म्हणालात. मी गाडीत बसून... इतके पडदे एकदम बघायचे, डोळे दमतात. मला वाटलं मधून गवत दिसलं. पण वाटणं वेगळं, नाही का?” ती ओशाळल्यासारखी हसली. “आता शाळेतल्या मुलांचे सामनेही मी घेत नाही. शिट्टी तोंडाशी नेली की वाटतं, दिसलं ते खरं ना? आणि तोवर चेंडू पुढे गेलेला असतो.”

जुळवून आणलेलं सगळं मास्तरांच्या जिभेवर होतं. तोंड उघडायचाच अवकाश. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, “होतं असं. जरा वेळ जाऊ दे.”

“हो सर.”

तिनं त्यांना रस्त्यापर्यंत सोडलं. मिनीबस आली तेव्हा तिनं पुन्हा गुडघे वाकवले. बसमधल्या एका बाईनं मास्तरांना जागा दिली आणि कौतुकानं विचारलं, “लेक का?” पुढच्याच थांब्यावर ते उतरले, रस्त्याकडेच्या निलगिरीखाली उभे राहिले आणि जे खाल्लं होतं ते सगळं त्यांनी ओकून टाकलं.

घरी आले तेव्हा एस्नात मागच्या अंगणात शेंगदाणे कुटत होती. ते तिच्यासमोर पायरीवर बसले.

“हात लागला नव्हता,” ते म्हणाले.

एस्नातनं मुसळ खाली ठेवलं नाही. “माहीत आहे.”

“माहीत आहे म्हणजे?”

“अहो, मापालोचे बाबा, टीव्हीवर तुम्हाला दाखवत होते. पडद्यात काय होतं ते मला दिसलं नाही, पण तुमचा चेहरा दिसला. तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढलीत मी.”

“मग विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर तुम्ही मलाही खोटं सांगितलं असतंत.” तिनं मुसळ थांबवलं. “मग मी कुठे जायचं?”

मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एस्नात उठून त्यांच्याजवळ आली नाही. तिनं तिथूनच विचारलं, “ती पोरगी काय म्हणाली?”

“म्हणाली, तिलाच नीट दिसलं नसेल.”

“अरे देवा,” एस्नात म्हणाली, आणि आत निघून गेली.

*

चितांबाला साहेबांनी आधी ऐकूनच घेतलं नाही.

“मास्तर, प्रकरण मिटलंय. तुम्ही दमलायत. सुट्टी घ्या.”

“मी खोटं बोललो, साहेब. मैदानावर, आणि नंतर तुमच्यासमोर.”

“हळू बोला हो!” साहेबांनी उठून दार लावलं. “तुम्हाला कळतंय का? पहिल्याच वर्षी व्हिडिओ आणला आणि पंचानं पडद्यात बघून खोटं सांगितलं? लोक काय म्हणतील? यंत्रावर कोण विश्वास ठेवेल?”

“यंत्रानं खोटं सांगितलं नाही. मी सांगितलं. लुंगोवेचं नाव परत घाला.”

“यादी गेली. ती आता परत येत नाही.”

“मग निदान तिची चूक नव्हती असं लेखी द्या. नाहीतर मी रेडिओवर जाऊन बोलतो.”

साहेब परत खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा गोडवा उतरला होता. “शिट्टी पुन्हा हातात घेता येणार नाही तुम्हाला. कायमची.”

“हो.”

“आणि कप परत मिळणार नाही कुणाला. निकाल तो निकाल.”

“तेही माहीत आहे.”

साहेबांनी लेखी दिलं आणि आठवड्याभरात सगळीकडे बोभाटा झाला. मास्तरांनी लाच घेतली असं जे म्हणत होते त्यांना जास्तच राग आला. पैशासाठी केलं असतं तर समजू शकलो असतो, असं न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, नुसत्या ताठ्यासाठी? शाळेत मुलं त्यांच्या पाठीमागे हवेत चौकोन काढायची. पाद्रीबाबांनी त्यांच्याबद्दल काहीच प्रवचन केलं नाही, ते तर फारच लागलं.

लुंगोवेचा फोन आला. या वेळी ती हसली नाही.

“मैदानावर जे झालं त्याचं मी समजू शकते, सर. तिथे मीही कदाचित घाबरले असते. पण समितीच्या खोलीत कुणी हसत नव्हतं. आणि मग तुम्ही माझ्या घरी आलात. जेवलात.”

“हो.”

“मी म्हणाले, मलाच नीट दिसलं नसेल. आणि तुम्ही म्हणालात, होतं असं.”

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मला परत बोलावलंय, पुढच्या हंगामापासून. मी जाणार आहे. पण तुम्ही एवढ्यात माझ्याकडे येऊ नका, सर.”

“नाही येणार,” ते म्हणाले. तिनं तरीही ‘सर’ म्हटलं, हे फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांना ते सहन झालं नाही.

*

फॅक्सन चिंयामा राहिला होता. त्याच्याकडे जायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. शेवटी एका दुपारी ते वुसाकिलेत त्याच्या घरी गेले. फॅक्सन दारातच सायकलची साखळी बसवत होता. त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा साखळीत बोटं घातली.

“फॅक्सन, मी सांगायला आलोय. तू त्याला हात लावला नव्हतास.”

फॅक्सननं तेलकट बोटं फडक्याला पुसली. “मास्तर, हे मला काय सांगताय? मला तर माहीतच होतं. हात माझाच होता की.”

मास्तरांची मान खाली गेली.

“मी तुम्हाला तिथेच सांगितलं होतं,” फॅक्सन म्हणाला. “आईची शपथ घेतली होती. ऐकलंत का?”

“ऐकलं होतं.”

“मग या.” तो उठला, लंगडत घराच्या मागच्या बाजूला निघाला. “मला सांगून काय उपयोग? हिला सांगा.”

मागे आंब्याच्या सावलीत त्याची म्हातारी आई चटईवर बसून रताळ्याचा पाला निवडत होती. शेजारी जुना रेडिओ. तिला लांबचं दिसत नव्हतं. घरात टीव्ही असला तरी ती सामने रेडिओवरच ऐकायची.

“आई, हे सिंयांग्वे मास्तर.”

म्हातारी गडबडली. “मास्तर? आमच्या घरी? अरे, खुर्ची आण!” ती उठायला लागली. “माफ करा हो, मास्तर. मी याला तेव्हापासून सांगतेय, मास्तरांकडे जाऊन माफी माग. माझी खोटी शपथ घेतलीस म्हणून. रेडिओवाला म्हणाला ना, मास्तरांनी पडद्यात बघितलं आणि म्हणाले, हात लावलाच आहे. बघूनच म्हणाले! मग काय राहिलं? हा कबूलच करेना. मी याच्याशी धड बोलत नाही, मास्तर. आता तर शेजारचे काहीतरी तिसरंच सांगतात. मी कुणाचं ऐकत नाही. तुम्हीच सांगा याला.”

फॅक्सन आंब्याला टेकून उभा होता. त्यानं मास्तरांना मदत केली नाही.

मास्तर खाली बसले, म्हातारीसमोर, मातीत. आपल्या खाणपट्ट्यात त्या वयाचा, मानाचा माणूस कुणापुढे तसा बसत नाही. म्हातारी बावरली.

“आई,” ते म्हणाले, “तुमचा मुलगा खरं बोलला होता. मी पडद्यात नीट बघितलं. त्यानं हात लावला नव्हता. लोक हसत होते म्हणून मी लावला असं सांगितलं. तुमची शपथ खरी होती. खोटं मी बोललो.”

म्हातारीच्या हातातला पाला तसाच राहिला. तिला कळायला वेळ लागला. मास्तरांना वाटलं, आता ही शिव्या देईल, थोबाडीत मारेल. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिनं मुलाच्या दिशेनं मान वळवली, जिथे तो उभा असावा असं तिला वाटलं तिथे, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“फॅक्सन,” ती म्हणाली. “मी तुला सगळ्या बायकांसमोर खोटारडा म्हणाले.”

“असू दे, आई.”

“चर्चमध्ये म्हणाले रे.”

“असू दे म्हटलं ना.”

म्हातारीनं कमरेच्या कापडाचं टोक तोंडाला लावलं आणि मान खाली घातली. फॅक्सन आला, गुडघा दुमडता येत नव्हता म्हणून पाय लांब करून तिच्या शेजारी चटईवर बसला आणि तिच्या मांडीवरचा पाला घेऊन निवडायला लागला. म्हातारीला आपल्या मुलाकडे बघायची लाज वाटत होती. ती लाज तिची नव्हतीच. ती कुणी आणून तिच्या पदरात टाकली होती हे मास्तरांना समोर बसून दिसत होतं, आणि ती तिथून उचलून परत घेण्याचा काही उपाय त्यांना सुचत नव्हता.

पाला निवडता निवडताच फॅक्सन म्हणाला, “मास्तर, झालं तुमचं?”

“हो.”

“मग जा आता.”

मास्तर उठले. पँटला लागलेली माती त्यांनी झटकली नाही. घराला वळसा घालून ते रस्त्यावर आले, तेव्हा मागून म्हातारीचा आवाज आला, ती मुलाला विचारत होती, जेवलास का रे, सकाळपासून काही खाल्लंस का.